दूध पिशवीतलं की काचेतलं? पेयांच्या वेष्टनांबद्दल वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतून या खेपेला आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत. पाणी, दूध, चहा, सरबत ज्यातून आपल्या हातात येतं त्या बाटल्या, पिशव्या, खोकी आणि कप यांत पर्यावरणाला कमी त्रासाचं कोणतं, असं सगळ्यांनी विचारलंय. पारखताना आम्ही तीन गोष्टी बघतो. एक लिटर पेयामागे किती ग्रॅम वेष्टन लागलं, तेच वेष्टन किती वेळा भरलं जातं आणि तुमच्या भागातला भंगारवाला ते घेतो का. खालची सगळी उत्तरं याच तीन प्रश्नांवर बेतलेली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या येतात. मुलीचं म्हणणं, प्लास्टिक बंद करा आणि काचेच्या बाटलीतून घरपोच येणारं दूध लावा. त्याचा दर बराच चढा आहे. एवढे जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का? (माजिवडा, ठाणे)

दोन रिकाम्या पिशव्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहा. दोन्ही मिळून पाच-सहा ग्रॅम भरतील. एक लिटरची काचेची बाटली चारशे-पाचशे ग्रॅमची असते. काच वितळवायची भट्टी १,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली लागते आणि ती रात्रंदिवस चालूच ठेवावी लागते. म्हणजे सुरुवातीलाच काच खूप मागे पडते, आणि ही पिछाडी भरून निघते ती फक्त फेऱ्यांनी. तीच बाटली वीस-पंचवीस वेळा भरली गेली तर एका फेरीच्या वाट्याला वीसेक ग्रॅम काच येते. त्यावर धुण्याचं गरम पाणी, कॉस्टिक सोडा आणि रिकाम्या बाटल्या परत नेणाऱ्या टेम्पोचं डिझेल. गोठा पुणे जिल्ह्यात आणि बाटल्याही तिकडेच धुतल्या जात असतील, तर हे डिझेल थोडं नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. इंधनाच्या हिशोबात पिशवी काचेपुढे हरत नाही. काचेचा फायदा वेगळा आहे : परत जाणारी बाटली नाल्यात जात नाही. तेव्हा दूधवाल्याला दोनच गोष्टी विचारा. बाटली परत नेऊन पुन्हा भरता की भंगारात घालता? आणि धुता कुठे? पहिल्याचं उत्तर ‘भंगारात’ असेल तर पिशवीच चालू ठेवा. उत्तर चांगलं आलं आणि तुम्ही काच लावलीत, तर बाटली रिकामी होताच थंड पाण्याने विसळा. गरम पाण्याने दुधातली प्रथिनं काचेला धरतात, वाळून पांढरा थर बसतो आणि अशी बाटली धुलाईतून बाजूला काढली जाते. दुसऱ्या दिवशी परतही द्या. तीच बाटली मनी प्लांट लावायला बाल्कनीत ठेवली की तिच्या फेऱ्या तिथेच थांबतात.

पिशवी ठेवलीत तर तिचा कोपरा कापून टाकू नका. ही फार छोटी गोष्ट वाटते, पण नखाएवढा तो त्रिकोण कुणालाच वेचता येत नाही. तो ओल्या कचऱ्यात जातो, सोसायटीच्या खतात चाळणीतूनही निसटतो, नाहीतर मोरीतून थेट गटारात. कात्रीने अर्ध्या इंचाची चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच लटकू द्या. दूध ओतल्यावर दोन चमचे पाणी आत घालून हलवा आणि ते दुधाच्या पातेल्यातच ओता. मग पिशवी उलटी करून वाळवा. न धुतलेल्या पिशवीतलं दुधाचं स्निग्ध खवट होतं, तो वास पुढे प्लास्टिकच्या दाण्यातही राहतो आणि म्हणून भंगारवाला तिला भाव देत नाही. स्वच्छ, कोरड्या पिशव्यांचा गठ्ठा मात्र तो घेतो. त्यांपासून कचऱ्याच्या पिशव्या आणि पाइप बनतात. राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला ५० पैसे देऊन ती परत घेण्याची तरतूद होती. ती नीट राबवली गेली असती तर हा सगळा खटाटोप घरोघरी करावा लागला नसता.

प्रश्न : पाहुणे आले की कोल्ड्रिंक आणतो. कॅन, प्लास्टिकची बाटली आणि काचेची बाटली यांतलं काय आणावं? काच सगळ्यात शुद्ध, असं ऐकत आलोय. (ऐरोली)

तब्येतीला काच निर्धोक, हे खरं. पण एकदा वापरून टाकायची काच पर्यावरणाला तिन्हींत महाग पडते. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये पेयांच्या वेष्टनांची कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत तुलना केली, तेव्हाही काच तळाला गेली. कारण वजन. तीनशे मिलीच्या पेयाभोवती दोनशे ग्रॅमच्या आसपास काच असते आणि ट्रक पेयाबरोबर तीही वाहत असतो. दुकानात उभं राहून प्यायची, क्रेटमध्ये परत ठेवायची बाटली याला अपवाद. ती खरोखर पुन्हा भरली जाते. तळाच्या आणि खांद्याच्या कडेला घासून पांढरट झालेले पट्टे दिसले की समजा, ही बाटली बऱ्याच फेऱ्या करून आलीय. अशी मिळाली तर बिनधास्त घ्या.

कॅनचं गणित विजेचं आहे. तीनशे तीस मिलीच्या कॅनमध्ये साधारण १३ ग्रॅम अॅल्युमिनियम असतं. एक किलो नवं अॅल्युमिनियम विद्युत अपघटनाने काढायला १३ ते १५ युनिट वीज लागते. म्हणजे एका कॅनच्या धातूमागे जेवढी वीज जाते तेवढ्यात ९ वॉटचा एलईडी दिवा वीस तास जळेल, आणि आपल्याकडची बहुतांश वीज कोळशाची. त्याआधी बॉक्साइट खणणं आणि मागे उरणारा लाल चिखल हे वेगळंच. जुना कॅन वितळवून पुन्हा धातू केला तर मात्र सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, आणि कितीही वेळा वितळवलं तरी अॅल्युमिनियमचा कस जात नाही. आपल्या शहरात कॅन रस्त्यावर पडून राहत नाही, कारण त्याला भाव आहे. तो चेपून द्या, पण आत सिगारेटची थोटकं किंवा कागद कोंबू नका.

आता प्लास्टिकची बाटली. तिच्या तळाला त्रिकोणात १ आकडा असतो, ती पेट नावाच्या प्लास्टिकची. इथे मोठा आकार सरळ जिंकतो. दोन लिटरची बाटली ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लिटरमागे बावीस-तेवीस ग्रॅम. अडीचशे मिलीची बारा ते पंधरा ग्रॅम, म्हणजे लिटरमागे पन्नास-साठ. चार पाहुण्यांसाठी चार छोट्या बाटल्या आणणं म्हणजे लिटरमागे दुपटीहून जास्त प्लास्टिक आणणं.

रिकामी बाटली देताना नेमकं काय करावं, हेही सांगतो. पुनर्प्रक्रिया कारखान्यात बाटलीचा चुरा करून पाण्याच्या टाकीत सोडतात. पेट पाण्यापेक्षा जड, त्यामुळे ते बुडतं. झाकण आणि मानेवरची कडी वेगळ्या, हलक्या प्लास्टिकची, ती तरंगतात आणि वरून काढून घेतात. म्हणून झाकण लावलेलं असलं तरी चालतं. उलट सुटं झाकणच हरवतं. बाटली पूर्ण रिकामी करा, आडवी चेपून हवा काढा आणि झाकण घट्ट फिरवा. खरी अडचण बाटलीला मोज्यासारखं अंगभर चिकटलेल्या छापील वेष्टनाची. ते पीव्हीसीचं असेल तर त्याची घनता पेटच्या जवळपास असते, म्हणून तेही बुडतं आणि चुऱ्यात मिसळून जातं. पेट वितळवायला अडीचशे अंशांच्या वर जावं लागतं. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी जळतं, त्यातून आम्ल सुटतं, माल पिवळा पडतो आणि त्यात काळे ठिपके येतात. असा माल पुन्हा बाटलीसाठी चालत नाही. त्या वेष्टनावर टिंबांची उभी रेघ असते, तिथून फाडून ते काढून टाका. एवढं केलंत तरी पुढचं बरंचसं काम तुम्ही केलंत. हिरव्या बाटलीला पारदर्शकपेक्षा भाव कमी मिळतो, कारण हिरवा रंग निघत नाही आणि तिचे उपयोग मर्यादित राहतात.

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांतल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार कठीण प्लास्टिकच्या वेष्टनात पुनर्वापरातलं प्लास्टिक २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के असायला हवं. हे साधायचं तर कारखान्याला स्वच्छ बाटल्या लागणार, आणि त्या घरातूनच स्वच्छ निघाव्या लागतात.

प्रश्न : मुलांच्या डब्याबरोबर दोनशे मिलीचं ज्यूसचं खोकं देते. भंगारवाला ही खोकी घेत नाही. कागद तर दिसतोय, मग का नाही घेत? (नेरूळ)

एक खोकं कात्रीने उभं कापा आणि त्याची कड उजेडात धरा. बाहेर छापील पुठ्ठा, आत चंदेरी झिलई आणि त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा दिसेल. वजनाने साधारण तीन चतुर्थांश पुठ्ठा, वीस-एक टक्के पॉलिथिन आणि पाचेक टक्के अॅल्युमिनियम. हे थर सुटे करता येतात. कागद गिरणीतल्या मोठ्या घुसळण यंत्रात पाण्याबरोबर वीस-तीस मिनिटं फिरवलं की पुठ्ठ्याचा लगदा होतो. उरलेल्या प्लास्टिक-अॅल्युमिनियमचे दाबून पत्रे करतात. पण साध्या रद्दीबरोबर हे खोकं गेलं तर पापुद्रा जाळीत अडकतो, म्हणून गिरणीला ते वेगळं आणि भरपूर लागतं. तुमचा भंगारवाला किलोवर धंदा करतो. अशी शंभर खोकी जमवली तरी किलोभर भरतील की नाही शंका. शिवाय आत राहिलेल्या रसाला दुसऱ्या दिवशी मुंग्या आणि आंबूस वास. त्याने नाही म्हटलं तर त्याचा दोष नाही.

खोक्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यातलं दूध किंवा रस न उघडता महिनोन् महिने फ्रिजशिवाय टिकतो आणि ती वाचलेली वीज मोठी असते. साउदॅम्प्टनच्या त्या तुलनेतही खोकं चांगल्या जागी होतं. आपल्याकडे त्याचं घोडं गोळा करण्यात अडतं. सोसायटीचा सुका कचरा नेणारी संस्था खोकी वेगळी घेते का, हे आधी विचारा. घेत असेल तर कोपरा कापून थोडं पाणी घालून हलवा, चारही कान उघडून सपाट करा, वाळवा आणि एकात एक न कोंबता गठ्ठा बांधा. नळी आता कागदी असते, कारण १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या नळ्यांवर देशभर बंदी आहे. पण नळीवरचं पातळ प्लास्टिक अजून तसंच आहे. ते खोक्यातच घालून द्या.

आणि घेत नसेल तर रोजचं खोकं बंद करा. अगदीच लागलं तर एक लिटरचं आणून स्टीलच्या बाटलीत भरून द्या. कोकम किंवा लिंबाचं सरबत भरलंत तर प्रश्नच मिटला.

प्रश्न : आमच्या सोसायटीत नवरात्रात एका रात्री चारशे माणसं असतात. दरवर्षी दोनशे मिलीच्या बाटल्यांची खोकी मागवतो. यंदा टाळायच्या आहेत, पण समितीतले म्हणतात जमणार नाही. (घणसोली)

जमतं, फक्त आधी हिशोब मांडा. ऑक्टोबरचा उकाडा आणि चार तास गरबा, म्हणजे माणशी एक लिटर धरा. चारशे लिटर पाणी, वीस लिटरचे वीस जार. हेच दोनशे मिलीच्या बाटल्यांतून दिलं तर दोन हजार बाटल्या. एक बाटली आठ-दहा ग्रॅमची, म्हणजे एका रात्रीत सोळा ते वीस किलो प्लास्टिक, आणि त्यातल्या निम्म्या बाटल्या अर्ध्याच प्यायलेल्या. पाणी उरलेली बाटली भंगारवाल्यालाही नको असते. झाकण लावलेली रिकामी बाटली पाण्यावर तरंगते, म्हणून पावसाच्या सरीबरोबर ती नाल्यातून खाडीपर्यंत सहज जाते. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही ओळख, मिळाली, आणि आपले नाले तिथेच उतरतात.

पहिलं काम निरोपाचं. पत्रिकेवर आणि व्हॉट्सअॅपवर ‘आपली बाटली आणा’ हे आठवडाभर आधी, आणि त्या दिवशी पुन्हा एकदा कळवा. निम्म्यांनी आणली तरी पेले निम्मे लागतात. केटररकडून स्टीलचे सव्वाशे ते दीडशे पेले भाड्याने घ्या. कुणीच बाटली आणणार नाही असं वाटत असेल तर अडीचशे घ्या.

योजना फसते ती बहुधा टेबलांच्या संख्येवर. पाण्याचं एकच टेबल ठेवलं की रांग लागते, लोक कंटाळतात, कुणीतरी खालच्या दुकानातून बाटल्यांचं खोकं आणतं आणि मग सगळेच आणतात. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार टेबलं ठेवा, प्रत्येकावर तोटीचे दोन जार, शेजारी वापरलेल्या पेल्यांसाठी टोपली. तोटी मुलांच्या हाताला येईल इतकीच उंच. टेबलाखाली पोतं अंथरा, नाहीतर पाणी सांडून पाय घसरतात. प्रत्येक टेबलाला एक माणूस नेमलेला हवा. ‘सगळे मिळून बघू’ म्हटलं की जार रिकामे राहतात.

पेले धुवायला तीन टब मांडा. पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात वीस लिटर साध्या पाण्यात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (जंतू मारणारं क्लोरीनचं द्रावण) ४० मिली. पेला तिसऱ्या टबात दोन मिनिटं बुडू द्या आणि जाळीवर उपडा ठेवा. फडक्याने पुसू नका, एका ओल्या फडक्याने सगळे पेले पुन्हा दूषित होतात. तिसऱ्या टबात गरम पाणी नको, क्लोरीन उडून जातो. साबण किंवा खरकटं त्यात गेलं तरी क्लोरीन मरतो, म्हणून तासाभराने पाणी बदला. पेले रात्रभर त्यात ठेवलेत तर स्टीलवर डाग पडतील. हायपोक्लोराइटच्या जवळ बाथरूम धुण्याचं आम्ल ठेवू नका. दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो.

धुण्याला पाणी लागतं, असं समिती म्हणेल, आणि तो आक्षेप बरोबर आहे. पेल्यामागे अर्धा लिटर धरलं तर रात्रीचं हजारभर लिटर होतं. म्हणूनच घरच्या बाटलीचा आग्रह आधी धरा, पेले पाहुण्यांसाठी.

प्रश्न : स्टेशनबाहेरच्या टपरीवर कागदी कप आलेत. प्लास्टिकपेक्षा बरे ना? काही ठिकाणी ‘कंपोस्टेबल’ लिहिलेले कपही मिळतात. (ठाणे पश्चिम)

कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ लेप असतो, नाहीतर चहा टिकणार कसा? आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात ८५ ते ९० अंशांचं शंभर मिली गरम पाणी पंधरा मिनिटं अशा कपात ठेवलं, तेव्हा त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरले. चहाने भिजलेला, लेप लावलेला हा कप रद्दीवालाही घेत नाही. तो थेट डंपिंगला जातो.

‘कंपोस्टेबल’ कप बहुधा पीएलएचे, म्हणजे वनस्पतींच्या साखर-स्टार्चपासून केलेल्या प्लास्टिकचे, किंवा त्याचा लेप दिलेले असतात. त्यांना कुजायला औद्योगिक खत प्रकल्पातली साठ अंशांच्या आसपासची उष्णता अनेक आठवडे सलग लागते. सोसायटीच्या ड्रममध्ये ती ऊब तितकी टिकत नाही, आणि कप जसाच्या तसा बाहेर येतो. पारदर्शक पीएलएचा पेला पेटच्या ढिगात गेला तर आणखी नुकसान. तो पेटबरोबरच बुडतो पण फार आधी वितळतो, आणि चांगला माल बिघडवतो. कुल्हड दिसतो मातीचा, पण भट्टीत भाजलेली माती पुन्हा माती होत नाही.

काचेचा छोटा ग्लास यात सगळ्यात चांगला. फक्त एकाच बादलीत दिवसभर बुचकळलेला नको. वाहत्या पाण्याखाली धुऊन वर उकळतं पाणी ओतणाऱ्या टपरीवर जा. किंवा बॅगेत स्टीलचा छोटा कप ठेवा. टपरीवाल्याचा कपाचा खर्च वाचतो, त्यामुळे तो सहसा नाही म्हणत नाही.

प्रश्न : ऑफिसात वीस लिटरचे जार येतात. ते बरे की आरओ बसवावा? (सीबीडी बेलापूर)

जार पुन:पुन्हा भरला जातो, म्हणून सुट्या बाटल्यांपेक्षा तो नक्कीच बरा. घेताना एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक आणि झाकणाचं सील बघा. आतून ओरखडे पडलेला किंवा हिरवट झाक आलेला जार परत करा. ओरखड्यांत जंतू धरतात, आणि हिरवटपणा जार उन्हात ठेवल्याची खूण आहे. तुम्हीही खिडकीजवळ ठेवू नका.

पण आधी नळाचं पाणी टीडीएस मीटरने, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरने, मोजा. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मुख्यतः मोरबे धरणाचं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आकडा त्याच्या बराच खाली आला तर आरओची गरजच नाही, उगाच पाणी वाया जाईल. गाळणी आणि यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण) पुरेसं आहे. इमारतीची टाकी दर सहा महिन्यांनी धुतली जाते का, तेवढं मात्र विचारा.

प्रश्न : बाटलीबंद नारळपाण्यापेक्षा शहाळं केव्हाही चांगलं ना? (कोपरी, ठाणे पूर्व)

हो, पण करवंटी सोसायटीच्या खतखड्यात टाकू नका. जाड सालीतलं लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा घटक) कुजायला फार वेळ लागतो, खड्डा भरून जातो, आणि पावसाळ्यात अख्ख्या करवंटीत पाणी साचून डास होतात. शहाळं विक्रेत्याकडेच प्या आणि करवंटी तिथेच ठेवा. घरी आणलंत तर चार फोडी करून उन्हात वाळवा. शहाळ्याचा भुगा करणारं यंत्र जवळपास असेल तर तिथे द्या. तो भुगा कुंडीत मातीला पर्याय म्हणून छान चालतो, मात्र वापरण्याआधी दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यातले क्षार निघून जातात.